प्लॉटसचें प्रहसन पडद्यावर

रिचर्ड लेस्टर यांनीं १९६६ सालीं दिग्दर्शित केलेला 'अ फनी थिंग हॅपन्ड ऑन द वे टु द फोरम' हा विनोदी चित्रपट धड साधलेला नाहीं आणि धड फसलेलाही नाहीं. अशा कृतीवर 'मौजेची परंतु विस्कळीत' एवढा शेरा मारून टीकाकार मोकळे होतात. आम्हांस मात्र हा विस्कळीतपणा कोठून आला तें पाहणें अगत्याचें वाटतें. कारण प्रहसन कशाच्या आधारानें उभें राहतें हा प्रश्न त्याच्याशीं निगडित आहे.

मूळ पीठिका रोमन नाटककार प्लॉटस याची. ख्रिस्तपूर्व १८४ च्या सुमारास निवर्तलेल्या ह्या कवीचीं वीसएक नाटकें आज उपलब्ध आहेत. त्यांपैकीं 'स्यूडोलस', 'माइल्स ग्लोरिओसस' आदि नाटकांतील पात्रें व प्रसंग घेऊन बर्ट शेव्हलव्ह व लॅरी गेल्बार्ट यांनीं संहिता सिद्ध केली, पदें व चाली स्टीफन सॉन्डहाइम यांनीं दिल्या, आणि १९६२ सालीं ब्रॉडवेवर आलेल्या त्या संगीत प्रहसनाचे ९६४ प्रयोग झाले. स्यूडोलस हा चतुर गुलाम. त्याचा तरुण धनी हीरो शेजारच्या कुंटणखान्यांतील फिलिया नामक मुलीवर लुब्ध झालेला. ती तर एका बढाईखोर सेनानीस आधींच विकली गेलेली. तिला मिळवून दिल्यास स्यूडोलसास मुक्तता मिळावयाची आहे. येथून पुढें थापेवर थाप चढत जाते.

प्लॉटसची रंगभूमि म्हणजे एक रस्ता आणि त्यावर उघडणारे घरांचे दरवाजे. ब्रॉडवेच्या प्रयोगांतही तीन घरें प्रेक्षकांच्या नजरेसमोर अखेरपर्यंत ठाम उभीं असत. ह्या स्थैर्यांतच हशाचें बीज आहे. कोणत्या दाराआड कोण दडलें आहे हें आपण जाणतों, पात्रें जाणत नाहींत. म्हणून दाराची कडी वाजली कीं आपला श्वास अडतो आणि दार उघडलें कीं हंशा फुटतो. देवलांचें 'संशयकल्लोळ' पाहिलेल्या वाचकांस हें निराळें सांगावयास नको. ती तसबीर कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेली हें ठाऊक नसतें, तर फाल्गुनरावाचा संशय केवळ कंटाळवाणा झाला असता.

लेस्टर यांनीं नेमकी ही जागाच मोडून टाकली आहे. बीटल्स मंडळींचे दोन चित्रपट नुकतेच यशस्वी करून आलेल्या ह्या दिग्दर्शकाची कात्री फार चपळ. एक दार दिसतें न दिसतें तोंच आपण दुसरीकडे, आणि तेथें बूड टेकण्यापूर्वीं तिसरीकडे! कोण कोठें आहे हें ध्यानांत राहत नाहीं, आणि तें राहिलें नाहीं म्हणजे दार उघडलें काय नि मिटलें काय, सारखेंच. गती म्हणजे विनोद नव्हे. हिस्टेरिअम ह्या भित्र्या गुलामास मुलीचा वेष चढवून प्रेत म्हणून निजवितात तो प्रसंग जॅक गिलफर्ड यांच्या चेहऱ्यावर निभावतो. कॅमेरा क्षणभर स्वस्थ राहिला असता तर तो अविस्मरणीय झाला असता.

परंतु त्याच कॅमेऱ्यानें एक गोष्ट अशी साधली आहे कीं ती रंगमंचावर कधींच साधली नसती. हें रोम संगमरवरी नाहीं. माद्रिदच्या परिसरांत उभें केलेलें हें नगर चिखलाचें, कुजक्या भाजीचें आणि माशांचें आहे. 'बेन-हर' किंवा 'क्लिओपात्रा' अशा भव्यपटांत गुलाम बहुधा शोभेसाठीं उभे असतात; येथें मागच्या बाजूस ते खरोखर राबत असतात. त्यामुळें स्यूडोलसाची मुक्ततेची इच्छा ही नुसती कथानकाची सबब न राहतां तिला वजन येतें. झीरो मोस्टेल हे अवाढव्य देहाचे नट ओरडतात, घाम गाळतात, डोळे गरगरा फिरवितात. पण तो धडपडणारा देह खरोखरीच दुसऱ्याच्या मालकीचा आहे हें आपण विसरत नाहीं. (मोस्टेल व गिलफर्ड ह्या दोघांचींही नांवें १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत काळ्या यादींत जाऊन त्यांचें काम तुटलें होतें, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.)

आणि असें असतां नाटकांतील 'फ्री' हें पद, ज्यांत हा गुलाम स्वतःच्या स्वातंत्र्याचें चित्र रंगवितो, तेंच चित्रपटांतून गाळण्यांत आलें! गुलामगिरी डोळ्यांपुढें मांडावयाची आणि गुलामाचा आवाज काढून घ्यावयाचा, ही तऱ्हा आम्हांस अनाकलनीय वाटते. फिलिया व तिच्या सोबतिणी यांच्या वांट्यास तर तेवढेंही आलेलें नाहीं. त्याही विकल्या जाणाऱ्याच. परंतु राबणाऱ्या पुरुषांकडे करुणेनें पाहणारा कॅमेरा त्यांच्याकडे वळला कीं गिऱ्हाइकाच्या नजरेनेंच पाहूं लागतो.

अखेरीस रथांचा पाठलाग जोडला आहे. धूळ फार, हशा थोडा. ह्याच चित्रपटांत इरोनिअस ह्या वृद्धाचें काम बस्टर कीटन यांनीं केलें आहे. १९२३ च्या 'थ्री एजेस' ह्या मूकपटांत त्यांनीं रोममध्यें बर्फ पाडून रथास कुत्रे जुंपले होते, आणि तो प्रकार असा निर्विकारपणें दाखविला होता कीं आजही हसूं आवरत नाहीं. येथें ते आजारी होते; चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वींच, १ फेब्रुवारी १९६६ रोजीं, ते निवर्तले. घर भुतानें झपाटलें आहे ह्या थापेवर विश्वास ठेवून हा म्हातारा रोमच्या सात टेकड्यांना सात प्रदक्षिणा घालीत असतो. सगळा गोंधळ चाललेला असतां मध्येंच तो येतो, कोणाकडे न पाहतां, कितवी फेरी झाली तें सांगून, पुढें निघून जातो.