घाण भाषा कोणती?

‘ह्या पोरांची भाषाच घाण आहे.’ मास्तरलोकांची ही तक्रार जुनी. तिच्यात तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात कोंबलेल्या असतात. त्या आधी सुट्या करू.

पहिली बोली. पोरगं ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतं, ‘नाही’ला ‘न्हाई’. हा गुन्हा नव्हे. पुस्तकी मराठी त्याला जरूर शिकवा, परीक्षा तिच्यातच होते. पण त्याच्या आईची भाषा घाण ठरवून नको.

दुसरी शिवी. दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातली बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात, पोरंही संगं जातात. फडात आईबहिणीवरून जे ऐकू येतं, तेच पोरगं वर्गात आणतं. त्याला छडी दाखवली जाते. पण तोडीच्या हिशेबात नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरतात, एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. ह्यात एकही शिवी नाही. तरी माणसाला हत्यार म्हणून मोजणारी ही भाषा घाण नाही, तर कोणती?

तिसरी जात. जातीच्या नावाला ‘डा’ जोडून हाक मारायची, अन् मास्तरनं ‘पोरंच ती’ म्हणून हसायचं. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा लोकांदेखत जातीवरून अपमान करणं १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा ठरवलंय. वर्गातलं पोर पोलिसात द्या, असं इथं म्हणणं नाही. पण हा शब्द थट्टा नव्हे, एवढं वर्गात त्याच वेळी सांगितलंच पाहिजे.

आता आपल्याकडं बघू. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. मुंबईच्या वेश्यावस्तीची भाषा कवितेत शिरली, पांढरपेशा वाचक हादरला. तिथली शिवी व्यवस्थेवर उगारलेली होती. तिचा दाखला देऊन कुणी अभ्यासवर्गात आईबहीण काढत असेल आणि त्याला विद्रोह म्हणत असेल, तर दोस्तहो, तो विद्रोह नव्हे. आईवरची शिवी मुकादमाला लागत नाही. ती फडात मोळी बांधणाऱ्या बाईला लागते.

मग पोराचं करायचं काय? मारणं तर नाहीच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी घातलीय. त्याला बाजूला घ्या, विचारा: राग कुणाचा आला? शब्द लागला कुणाला? राग खरा असेल, तर तो शिवीवाचून सांगायला शिकवा. वर्गात तोंड दाबलेलं पोरगं उद्या मुकादमापुढंही गप्प बसतं. आपल्याला बोलणारं पोरगं पाहिजे.