'मॉर्टिशियन' : शब्दाने झाकलेला मृत्यू

अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या व्यावसायिकास इंग्रजीत 'अंडरटेकर' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ एवढाच : काम अंगावर घेणारा. सतराव्या शतकाच्या अखेरीस अंत्ययात्रेचे काम पत्करणाऱ्यास तो लागू झाला आणि हळूहळू त्याचे इतर अर्थ मागे पडले. मृत्यूचे नाव टाळणारा शब्दच अशा रीतीने मृत्यूचा वाचक ठरला. मग १८९५ साली अमेरिकेतील व्यावसायिकांनी 'मॉर्टिशियन' हा नवा शब्द पुढे आणला. मृत्युवाचक लॅटिन 'मोर्स' या शब्दास त्यांनी 'फिजिशियन'चे शेपूट जोडले. वैद्याची प्रतिष्ठा आपल्या व्यवसायास लाभावी, हा हेतू उघड आहे.

या हव्यासावर इव्हलिन वॉ या कॅथलिक कादंबरीकाराने 'द लव्हड वन' (१९४८) मध्ये कोरडे ओढले आहेत. तेथील दफनोद्यानात प्रेतास प्रेत म्हणत नाहीत, 'प्रिय जन' म्हणतात. जॉयबॉय हा मॉर्टिशियन सहकारिणीवरील अनुराग व्यक्त करतो, तोही प्रेतांच्या ओठांवर हास्य घडवून! शेवटी तीच तरुणी मरते आणि तिचा देह पाळीव प्राण्यांच्या दहनगृहात गुपचूप जाळला जातो. उपरोधाची धार येथे पूर्ण लागते. परंतु शोक करण्यास कोणी उरत नाही. ही या कादंबरीची उणीव आहे, असे आम्हांस वाटते. पोकळ शब्दावर लेखक हसला; भरीव शब्द मात्र त्याने दिला नाही.

तो शब्द ख्रिस्तसभेपाशी होता : 'फोसोर', म्हणजे खणणारा. रोममधील डोमितिल्लाच्या भूमिगत दफनभूमीत दिओगेनेस नावाच्या फोसोरचे चित्र होते. खांद्यावर कुदळ, हाती दिवा. इ. स. ३०३ मध्ये छळाच्या काळी उत्तर आफ्रिकेतील सिर्ता नगरात झडती झाली. तिच्या नोंदीत बिशप, धर्मगुरू व डीकन यांच्या पाठोपाठ फोसोरही आढळतात. मृतांना मूठमाती देणे हे दयेचे कृत्य मानले जाई. म्हणून मातीने भरलेल्या हातांना हा मान होता. पुढे चौथ्या शतकाच्या अखेरीस हेच फोसोर कबरींच्या जागा विकू लागल्याचे शिलालेख सांगतात. तेव्हा प्रामाणिक शब्दही माणसाला लोभापासून वाचवू शकत नाही, हे आपण मान्य केले पाहिजे. तरीही कुदळ लपविणाऱ्या शब्दापेक्षा कुदळ दाखविणारा शब्द आम्हांस अधिक ख्रिस्ती वाटतो.

वाचकांनी ही कादंबरी अवश्य वाचावी. ती मिटल्यावर, आपल्या दफनभूमीत कबर खोदणाऱ्याचे नाव आपणांस ठाऊक आहे काय, एवढे स्वतःस विचारावे.