कवकाचे लक्षण : एका रूढ व्याख्येची परीक्षा

‘बुरशी’ किंवा ‘कवक’ या शब्दाचा अर्थ सांगताना ‘हरितद्रव्य नसलेली वनस्पती’ असे म्हणण्याचा प्रघात मराठीत दीर्घकाळ चालत आला आहे. पंचसृष्टी वर्गीकरण अभ्यासक्रमांत रुळल्यानंतरही या व्याख्येचे आसन फारसे डळमळलेले दिसत नाही. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, जीवशास्त्राचा नव्हे. परंतु व्याख्या ही प्रथम भाषेची कृती असते, आणि त्या नात्याने तिची परीक्षा करण्याचा अधिकार भाषेच्या अभ्यासकास नाकारता येणार नाही.

लक्षणाचे तीन दोष आपल्या न्यायशास्त्राने सांगितले आहेत. शिंगे असणे हे गाईचे लक्षण केले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. कपिल वर्ण हे लक्षण केले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. अखंड खूर हे लक्षण केले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. आपल्या व्याख्येस ही कसोटी लावून पाहावी. तंबाखूच्या मुळांवर जगणाऱ्या बंबाखूत हरितद्रव्य नसते. तरीही तिला फुले येतात, बी धरते, आणि तिला कोणीही कवक म्हणत नाही. म्हणजे ‘हरितद्रव्य नसणे’ हा भाग अतिव्याप्त आहे. ‘वनस्पती’ या भागाची स्थिती त्याहून वाईट आहे. कवकाच्या पेशीभित्तीत वनस्पतीप्रमाणे सेल्युलोज मुख्य नसते. तेथे कायटिन असते, जे खेकड्याच्या कवचात व झुरळाच्या अंगावर आढळते. वनस्पती पिष्ट साठवते. कवक ग्लायकोजेन साठवते, जसे आपले यकृत साठवते. १९९३ पासून पुढे आलेल्या आण्विक तुलनांनी तर कवके आणि प्राणी या एकाच फांदीच्या दोन डहाळ्या असल्याचे दाखविले. एकही कवक वनस्पती नाही. तेव्हा हा दोष शुद्ध असंभवाचा आहे.

अशी व्याख्या टिकली कशी? याचे एक कारण शब्दाच्या इतिहासात आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात ‘कवक’ हा शब्द लसूण व कांदा यांच्या पंक्तीस वर्ज्य पदार्थांत येतो. तेथे त्याचा अर्थ जमिनीतून उगवणारी छत्री, म्हणजे आपली अळंबी, एवढाच आहे. लॅटिन ‘फंगस’ शब्दाचाही मूळ अर्थ तोच. जे मातीतून वर येते आणि जागचे हलत नाही, ते झाडपाल्यात जमा, अशी ही दृष्टी. लिनीअसने १७५३ मध्ये कवकांना वनस्पतींच्याच शेवटच्या वर्गात बसविले, ते याच न्यायाने. पुढे परिभाषाकारांनी ‘कवक’ हा शब्द अळंबीवरून उचलून साऱ्या सृष्टीस लावला. शब्दाचा अर्थविस्तार झाला, पण त्याच्या पाठीशी असलेले चित्र जुनेच राहिले. ‘दगडफूल’ हा शब्दही त्याच चित्राचा. गोड्या मसाल्यातील हा जिन्नस फूल नव्हे, एक वनस्पतीही नव्हे. ते कवक आणि शैवल यांचे एकत्र बिऱ्हाड आहे.

मग भावरूप लक्षण कोणते करावे? माझ्या मते ते कवकाच्या जेवण्याच्या रीतीवरून सुरू झाले पाहिजे. प्राणी अन्न आधी आत घेतो आणि मग पचवितो. कवक अन्न आधी पचविते आणि मग आत घेते. पेशीभोवती ताठ भिंत असल्याने त्यास गिळणे शक्य नाही. म्हणून ते पाचक विकरे बाहेर सोडते आणि विरघळलेले अन्न भिंतीतून शोषून घेते. ही एक गोष्ट ध्यानी धरली की बाकीची अंगे आपोआप उलगडतात. अन्नात राहूनच जेवायचे असल्यामुळे शरीर बारीक तंतूंचे, टोकाशी वाढणारे आणि अन्नात सर्व बाजूंनी शिरणारे असते. एका ठिकाणचे अन्न संपणारच, म्हणून दूर जाऊ शकणारे असंख्य बीजाणू. गोव्यात पावसाळ्यात वारुळावर येणारी अळमी हे त्या शरीराचे केवळ बीजाणू उधळणारे अंग होय. मूळ देह आत, वाळवीने जोपासलेल्या बागेत पसरलेला असतो. तथापि तंतूंनाच लक्षण करू नये. यीस्ट एकपेशीय आहे, त्यास तंतू नसले तरी ते कवकच. तंतूंच्या लक्षणाने ते बाहेर पडेल आणि अव्याप्ती होईल.

शोषण हे एकटे लक्षणही पुरत नाही, आणि याचा सर्वांत चांगला पुरावा नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागांत मिळतो. द्राक्षावर दोन रोग येतात, भुरी आणि केवडा. दोहोंत पानावर पांढरी वाढ दिसते. दोन्ही जीव तंतुरूप, दोन्ही शोषून जगणारे. ‘बुरशीजन्य रोग’ हे पांडित्यपूर्ण नाव दोघांना एकत्र बांधते. बागायतदाराची भाषा मात्र त्यांना वेगळे ठेवते. भुरी पानावर राखेसारखी भुरभुरते. केवड्यात पानाच्या वर पिवळट डाग पडतात आणि पांढरी लव खालच्या बाजूस येते. आज आपणांस माहीत आहे की भुरी हे खरे कवक आहे. केवड्याचा कारक मात्र कवक नव्हेच. त्याच्या भिंतीत सेल्युलोज असते आणि त्याचे गोत विशिष्ट शैवलांशी जुळते. हा भेद फवारणीपर्यंत पोचतो. भुरीवर गंधक आणि केवड्यावर बोर्डो मिश्रण, ही वाटणी जुनीच. नवी औषधेही तशीच फुटतात. हेक्झाकोनॅझोलसारखी औषधे अर्गोस्टेरॉल हा कवकाच्या पेशीपटलातील पदार्थ तयार होऊ देत नाहीत. ती भुरीवर चालतात, केवड्यावर नाहीत. मेटॅलॅक्सिल केवड्यावर चालते, भुरीवर नाही. दोन्ही डबे मात्र ‘बुरशीनाशक’ याच नावाने विकले जातात.

यावरून लोकभाषेस शास्त्राचे प्रमाणपत्र देण्याची घाई करू नये. केवडा हे नाव भेंडीच्या विषाणुजन्य रोगासही आहे, कारण तेथेही पान पिवळे पडते. बटाट्यावरील लवकर येणारा करपा कवकाचा, उशिरा येणारा करपा केवड्याच्या भावकीतला. नाव दोहोंस एकच. लोकभाषा डोळ्यास दिसणारे चिन्ह नोंदविते. तिचा दोष आपल्या व्याख्येहून लहान आहे तो इतक्याचसाठी, की चिन्हाच्या पलीकडचा दावा ती करीत नाही.

तेव्हा कोशात लिहावे ते असे : कवक म्हणजे कायटिनयुक्त पेशीभित्ती असलेला, पेशीपटलात बहुधा अर्गोस्टेरॉल असणारा, बाहेर पचविलेले अन्न शोषून जगणारा आणि बीजाणूंनी पसरणारा सजीव. ‘बहुधा’ हा शब्द लक्षणात शोभत नाही हे मी जाणतो. काही आदिम कवकांत हे द्रव्य आढळत नाही, म्हणून तो ठेवावा लागतो. यांपैकी कोणतेही एक पद काढले की कोणी ना कोणी परका आत शिरतो. कायटिन एकटे ठेवले तर झुरळ येईल, शोषण एकटे ठेवले तर केवडा.

या व्याख्येची निकड २०२१ मध्ये दिसून आली. त्या वर्षी कोविडमधून उठलेल्या, विशेषतः मधुमेही व स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांत म्युकरमायकोसिस पसरला आणि वृत्तपत्रांनी त्यास ‘काळी बुरशी’ म्हटले. काळी ती बुरशी नव्हे. ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त पोचत नाही आणि मेलेली ऊती काळी पडते. नावाने रोगाचा परिणाम कारकाच्या अंगावर चढविला. ‘वनस्पती’ या जुन्या कल्पनेने तर दुसरेच कोडे उभे केले. यःकश्चित बुरशीवर साधे औषध का नसावे, असे सुशिक्षित माणसेही विचारीत होती. उत्तर वर सांगितलेल्या गोत्रात आहे. पेनिसिलीन जिवाणूच्या ज्या भिंतीवर घाव घालते ती आपल्या पेशीस नाहीच. कवकाची पेशी मात्र आपल्या पेशीच्या फार जवळची, आणि वार करण्याजोगे भेद थोडे. अँफोटेरिसीन-बी अर्गोस्टेरॉलला धरते. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये शोधले गेलेले हॅमायसीनही त्याच कुळातले. परंतु अर्गोस्टेरॉल आणि आपले कोलेस्टेरॉल यांच्यात अंतर अल्प असल्याने औषधाचा थोडा हात आपल्या पेशींवरही पडतो, आणि रुग्णाच्या मूत्रपिंडावर रोज लक्ष ठेवावे लागते.