गुडघा प्रत्यारोपणानंतरचे घरगुती व्यायाम : सूचनापत्रिकेच्या मराठीची चिकित्सा

ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या आणि जून २००१ मध्ये उजव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी प्रत्यारोपण शस्त्रक्रिया केली. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाने कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमती ठरविल्या. कोबाल्ट-क्रोमियमच्या प्रचलित सांध्याची किंमत कर वगळून ५४,७२० रुपये झाली. सांध्याच्या किमतीची अशी सार्वजनिक चर्चा झाली, तशी त्यासोबत घरी येणाऱ्या व्यायामपत्रिकेच्या भाषेची झाल्याचे दिसत नाही.

आईच्या शस्त्रक्रियेनंतर अशी एक पत्रिका प्रस्तुत लेखकाच्या हाती आली. तीत ‘क्वाड्रिसेप्स’, ‘आकुंचन’, ‘पुनरावृत्ती’ हे शब्द होते. चौथीपर्यंत शिकलेल्या आईला त्यांतील एकही उमगला नाही. वास्तविक व्यायाम सोपा आहे. पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, मांडी पुढून टणक लागली की पाच आकडे मोजून सैल सोडायचे. मांडीवर हात ठेवून पाहा, एवढे सांगताच तिला ते जमले.

भाषेपेक्षा गंभीर उणीव आशयाची आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद निम्म्याहून अधिक घटू शकते. स्नायू झिजतो हे एक कारण; सूज व वेदनेमुळे त्याला मिळणारी मज्जासंस्थेची आज्ञाच क्षीण होते, हे दुसरे आणि अधिक महत्त्वाचे. हे पत्रिकेत नसल्याने पाय उचलला जात नाही असे दिसताच रुग्ण शस्त्रक्रिया फसली असे मानतो आणि व्यायाम सोडतो. आमच्या घरी नेमके हेच घडू पाहत होते.

पत्रिकेने गृहीत धरलेले घरही परके आहे. पलंग, उंच खुर्ची, कठडा असलेला जिना! पारनेर-अकोल्याकडील घरात बाज असते, आणि झोळ पडलेल्या बाजेवरून उठायला खुर्चीपेक्षा कितीतरी जास्त बळ लागते. मांडी घालू नये, उकिडवे बसू नये, एवढे पत्रिका बजावते. चुलीपुढे मग कसे बसावे, याविषयी ती मौन पाळते. ओसरीच्या पायरीवर खांब धरून चढण्या-उतरण्याचा सराव करता येतो, चढताना चांगला पाय आधी व उतरताना शस्त्रक्रियेचा, हे तीत सहज बसले असते.

व्यायाम भौतिकोपचारतज्ज्ञ शिकवितात, पत्रिका केवळ स्मरणासाठी असते, असा आक्षेप संभवतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत रुग्णालयात राहून घेतलेले पुनर्वसन आणि घरगुती कार्यक्रम यांत सहा महिन्यांनी चालण्याच्या क्षमतेत फरक आढळला नाही, हे खरे; परंतु तो घरगुती कार्यक्रम देखरेखीखालील होता. आपल्या जिल्ह्यात लोणीला भौतिकोपचार महाविद्यालय आहे, पण अकोल्याच्या वाडीवरून तेथे दर आठवड्याला कोण जाणार? तेथे देखरेखीचे काम पत्रिकेलाच करावे लागते. आईने तिच्या कोऱ्या पाठीमागे पेन्सिलीने रोजच्या रेघा ओढल्या होत्या. पुढच्या बाजूस नोंदीसाठी रकानाच नव्हता.