साखळीला चेहरा नसतो

मेल्विन एडवर्ड्सच्या शिल्पांचे फोटो मी बैठकीत फिरवले तेव्हा एकजण फाडकन बोलला, "यात माणूस कुठाय? ही तर भंगाराची मोळी!" त्याला हे उत्तर. मी सातपूरला शेडमध्ये वेल्डिंग करतो. भंगार मला कळतं.

एडवर्ड्स अमेरिकेतला काळा माणूस. जन्म १९३७, टेक्सासमधलं ह्यूस्टन. वेल्डिंग शिकला लॉस एंजेलिसला. १९६२ साली तिथल्या पोलिसांनी रोनाल्ड स्टोक्स या निःशस्त्र काळ्या मुसलमानाला गोळी घातली. १९६३ मध्ये एडवर्ड्सनं 'लिंच फ्रॅगमेंट्स' ही मालिका सुरू केली. लिंच म्हणजे जमावानं माणूस मारणं. २००६ ची खैरलांजी आठवणाऱ्याला अधिक काय सांगायचं?

शिल्पं लहानच. साखळी, कुलूप, खिळे, हातोड्याचं डोकं, सगळं एकात एक जोडलेलं आणि भिंतीवर बघणाऱ्याच्या डोळ्यासमोर लावलेलं. साखळी माणूस बांधते, तीच ओझं उचलते. हातोडा फोडतो, तोच घडवतो. म्हणजे त्या लोखंडात गुलामी आहे नि कामगाराचा हातही आहे. चेहरा कोरला असता तर आपण त्या एकट्याची कीव केली असती आणि घरी जाऊन जेवलो असतो. त्यानं कीव करायला जागाच ठेवली नाही.

१९७० साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये त्यानं काटेरी तार नि साखळ्या टांगल्या. तिथं स्वतंत्र प्रदर्शन मिळालेला तो पहिला काळा शिल्पकार. माझं भांडण इथंच आहे. ज्याच्या पायात साखळी होती त्याच्या वस्तीत हे शिल्प कधी जाणार?

पुतळे नकोत असं मी म्हणत नाही. वाघांनी घडवलेला, संसदेच्या आवारात १९६७ साली उभा राहिलेला बाबासाहेबांचा पुतळा आपल्याला हवाच होता. पुतळ्यांनी चौक आपले केले. पण पुतळा रस्ता दाखवतो, जखम नाही. प्रभाकर कांबळेंनी २०२२ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मडक्यांची 'उतरंड' मांडली. जात दाखवायला मडकी पुरली.

आपल्या नाशकात २ मार्च १९३० ला काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला नि दरवाजे बंद झाले. त्या बंद दरवाजाचं शिल्प कोण करणार? लोखंड माझ्याकडे आहे. कोण येतंय बोला.