पोट दिसतं, बाई दिसत नाही

मराठी साहित्यात लग्नाआधी पोरीला दिवस राहिले की लेखकाचं काम सोपं होतं. विहीर तयार असते. छाती बडवणारी आई तयार असते, कोयता शोधणारा बाप तयार असतो. पोरगी तेवढी नसते. पाळी चुकली तिथपासून विहिरीच्या काठापर्यंत जे दिवस जातात त्यांचं काय? त्या दिवसांत ती बोटं मोजते, कुणाला सांगायचं नाही ते आधी ठरवते, मग कुणाला सांगायचं ते, मग पैशाचा अंदाज घेते. म्हणजे विचार करते. आमच्या लेखकांना बाईचं रडणं ऐकू येतं, तिचा हिशेब ऐकू येत नाही.

तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' घ्या. १९६७ साली रंगभूमीवर आलं. बेणारे शिक्षिका आहे, कमावती आहे, आणि पोटात विवाहित प्राध्यापक दामल्याचं मूल आहे. दामले नाटकभर येतच नाही. आरोप काय, तर भ्रूणहत्येचा. आणि शिक्षा काय, तर पोटातला गर्भ नष्ट करावा! पांढरपेशा न्यायाची अशी फजिती फार थोड्यांनी केली, हे श्रेय द्यायलाच हवं. पण नाटक पुन्हा वाचा. बेणारेनं निर्णय घेतलेला आहे. मूल हवंय. त्याला बापाचं नाव हवं म्हणून ती पोंक्षेला विचारते, रोकडेला विचारते. पर्समध्ये टिक-ट्वेन्टीची बाटलीही आहे. हे सगळं आपल्याला कळतं कुणाकडून? साक्षीदारांकडून. बाईची कारणं फिर्यादी पक्षाचा पुरावा म्हणून आपल्यापुढं येतात. शेवटी तिला स्वगत मिळतं तेव्हा बाकीचे गोठलेले असतात. तिचं म्हणणं त्या कोर्टाच्या दप्तरी जातच नाही.

त्या वेळी दंडसंहितेचं कलम ३१२ होतं. जीव वाचवण्यासाठी सोडून गर्भ पाडणं गुन्हा, आणि पाडून घेणारी बाईसुद्धा गुन्हेगार. गर्भपाताचा कायदा १९७१ चा, लागू झाला १ एप्रिल १९७२ पासून. पण कायदा आला म्हणजे निर्णय बाईच्या हातात आला असं समजू नका. मत डॉक्टरचं लागतं. साधन फसून गर्भ राहिला, ही सवलत लग्न झालेल्या बाईपुरती लिहिलेली होती. २०२१ च्या दुरुस्तीनं 'नवरा' गेला आणि 'जोडीदार' आला. एका शब्दाला पन्नास वर्षं! मग २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की वीस ते चोवीस आठवड्यांच्या सवलतीतून बिनलग्नाच्या बाईला वगळता येणार नाही.

अठरा पुरी झालेल्या बाईला कायद्यानं स्वतःची एक सही पुरते. दवाखान्यात मात्र 'मालकाला घेऊन ये' म्हणतात. अठराच्या आतली असेल तर पालकाची लेखी संमती, आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांत खबर. २०२२ च्या त्याच निकालानं डॉक्टरला पोरीचं नाव न सांगण्याची मोकळीक दिली, पण ही गोष्ट वस्तीपर्यंत कोण पोचवणार? म्हणजे सतरा वर्षांची पोर ज्या घराला घाबरते त्याच घराची सही तिला आणायची असते. मग ती काय करते? थांबते. बघणारे म्हणतात, पोरगी बेफिकीर. अहो, थांबणं हाही तिचा निर्णयच आहे, दुसरा परवडत नाही म्हणून घेतलेला. आणि तो फार महाग पडतो. गोळ्यांनी मोकळं व्हायची मुदत नऊ आठवडे, आणि आठवडे मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पाळी चुकल्याचं ध्यानात येईतो त्यातले चार-पाच गेलेलेच असतात.

आमच्या वस्तीतल्या पोरीच्या हिशेबात एक आकडा जास्त असतो. पोरगा कुणाचा? वरच्या आळीचा असेल तर लग्नाचं नाव काढायची सोय नाही. आणि वरच्या आळीतल्या पोरीच्या पोटात आपल्या पोराचं असेल तर जळतं ते आपलं घर. ही भीती पोटातल्या जिवाआधी मनात येते. कथेत मात्र ती येत नाही.

आता आपल्याच घरात बघू. शरणकुमार लिंबाळ्यांचं 'अक्करमाशी' १९८४ चं. बाप पाटील, आई महारीण. लेक विचारतो, मला जन्म का दिला? हा प्रश्न मराठीच्या थोबाडीत बसला, आणि तो तसाच बसायला हवा होता. पण लेखकाचा जन्म १९५६ चा. त्या साली त्या बाईपुढं काय काय होतं ते मांडा ना! एकीकडं कलम ३१२, दुसरीकडं सुईणीची काडी, मधी पाटलाची मर्जी आणि पोटाला भाकर. पुस्तकात आईची परवड आहे, भूक आहे. त्या 'का'ला तिचं स्वतःचं उत्तर नाही. लेकानं ते आईच्या वतीनं लिहून टाकावं असंही मी म्हणत नाही. पण आपल्या समीक्षकांनी तरी ते मागायचं होतं. कर्णाचं दुःख गायला सगळे पुढं, कुंतीनं पेटी कुठून आणली हे विचारायला कुणी नाही.

बेबीताई कांबळ्यांनी 'जिणं आमुचं'मध्ये महारवाड्यातलं बाळंतपण लिहिलं. पोरवयातली बाळंतीण आणि घरात अन्नाचा कण नाही, हे त्यांच्या आधी मराठीला ठाऊकच नव्हतं. तिथं निर्णय नाही, कारण निर्णयाला जागाच नव्हती. बेबीताईंनी ती नसलेली जागा दाखवली. त्यांच्यापुढं जायचं काम आपलं होतं.

आणि वाट तर आधीच मळलेली होती. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबईच्या विधानसभेत पी. जे. रोहम यांनी बाबासाहेबांच्या वतीनं संततिनियमनाचा ठराव मांडला. मूल होऊ द्यायचं की नाही हे सर्वस्वी बाईच्या मर्जीवर असावं, ही त्यातली मांडणी. ठराव पडला. बाळंतपणाच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागल्या तर एकापेक्षा जास्त मुलाला कुणी तयार होणार नाही, असंही त्यात होतं. बाबासाहेबांची ही बाजू घेऊन आपल्याकडं किती कथा झाल्या? जयंतीच्या भाषणातसुद्धा हा ठराव क्वचित निघतो.

या अंकासाठी आलेल्या कथांत दोन पोरींना दिवस राहिलेत. दोघी चौथ्या पानावर मेल्या. दोन्ही कथा परत पाठवतोय. मेल्या म्हणून नव्हे. त्यांनी कुणाकुणाला विचारलं, किती पैसे जमवले, कुठल्या दवाखान्याच्या दारातून परत फिरल्या, यातलं काही लिहिलेलं नाही म्हणून. ज्यांच्यावर ही पाळी आली त्या बायांनी स्वतः लिहून पाठवावं. शुद्धलेखन आम्ही बघू. नाव छापणार नाही.