हिगिन्सच्या सपाता

बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून १९३८ साली निघालेला बोलपट आम्हांस प्रिय आहे, आणि म्हणूनच त्याचा शेवट खटकतो. अँथनी अ‍ॅस्क्विथ व लेस्ली हॉवर्ड यांच्या दिग्दर्शनात मूळ नाटकाचा मिस्कीलपणा शाबूत आहे. हिगिन्सच्या आईकडील चहापानच पाहा. वेंडी हिलरची एलायझा एकेक अक्षर तोलून उच्चारते आणि त्याच नितळ स्वरात, आपली मावशी इन्फ्लुएंझाने गेली नसून घरच्यांनीच तिला संपविले असावे, असे सांगून मोकळी होते. उच्चार दिवाणखान्याचे, अनुभव गल्लीतला! वर्गभेदावर याहून नेमके बोट क्वचितच ठेवले गेले असेल.

परंतु नाटकात एलायझा अखेरीस गुरूलाच बजावते की, मीही उच्चारशास्त्र शिकवीन. हिगिन्स संतापतो, आणि त्याच क्षणी प्रथमच तिला आपल्या बरोबरीची मानतो. पुढे १९१६ च्या उपसंहारात शॉने तिचे लग्न फ्रेडीशी लावले; हिगिन्सशी नव्हे. बोलपटात मात्र ती मुकाट्याने परतते, आणि हा गृहस्थ तिला आपल्या सपाता कोठे आहेत म्हणून विचारतो. हा शेवट शॉच्या लेखणीचा नव्हे.

प्रेक्षक सुखावतो, हे खरे. पण ‘न’ आणि ‘ण’ सुधारण्यात ज्यांची हयात गेली त्या आम्हां शिक्षकांना असे सुखावणे परवडणारे नाही. विद्यार्थिनी आमची भाषा शिकून आमच्याच खुर्चीवर हक्क सांगू लागली, तर आम्ही खुर्ची देणार, की सपाता मागणार?